बिल उतरलं, पण डाळिंबीचं काय? दुकानातल्या एलईडीचा रिव्ह्यू

काय काढलं आणि काय लावलं ते आधी सांगते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते मोकळे. काढल्या चोकवाल्या ४० वॅटच्या चार ट्यूबलाइट आणि पिको मशीनच्या डोक्यावरचा १०० चा पिवळा बल्ब. लावल्या २० वॅटच्या चार एलईडी पट्ट्या, मशीनवर ९ वॅटचा बल्ब आणि काउंटरच्या बरोबर वर १२ वॅटचे दोन स्पॉट. दुकान अमळनेरला, बाजारपेठेत. मॅचिंग सेंटर, सोबत पिको-फॉल.

वीजबचतीला पाचपैकी पाच. पट्ट्यांना साडेतीन. स्पॉटना साडेचार, अर्धा गुण भाव बघून कापला. आणि या सगळ्याच्या आधी आमच्या भाऊजींनी आठवडी बाजारातून पिशवी भरून जे बिननावाचे बल्ब आणले होते, त्यांना शून्य. त्यांच्याबद्दल पुढे लिहितेच.

इंटरनेटवर बल्बांचे रिव्ह्यू लिहिणारे बहुतेक पुरुष असतात आणि ते वॅट, भाव आणि वॉरंटी एवढं सांगून थांबतात. व्हरांड्यात लावायला तेवढं पुरे. पण ज्याचं पोट रंगावर आहे त्याला त्या रिव्ह्यूचा काही उपयोग नाही. माझ्या काउंटरवर दिवसभर एकच काम चालतं. बाई पिशवीतून साडी काढते, मी ब्लाउजपीस, अस्तर आणि फॉलच्या गठ्ठ्यातून तिचा रंग शोधते. राणी, मोरपंखी, आमसुली, चिंतामणी, अबोली, गाजरी, रामा ग्रीन. यात नुसतं "हिरवं दाखवा" म्हणणारी बाई येत नाही. आली तरी तिच्या मनात त्या हिरव्याची एक नेमकी छटा असतेच.

आधी बिलाचं बोलू, कारण ते सोपं आहे. ४० ची ट्यूब नावाला ४०, तांब्याचा जुना चोक वर दहा-बारा वॅट खातो. चार ट्यूब आणि तो बल्ब मिळून तीनशेच्या वर वॅट. सकाळी दहाला शटर उघडायचं, रात्री नऊला बंद. महिन्याला शंभरेक युनिट नुसत्या उजेडाचे. आता तेच सगळं मिळून ११३ वॅट, म्हणजे महिन्याला ३७-३८ युनिट. दुकानाचं मीटर व्यावसायिक, युनिटला सगळे आकार धरून दहा रुपये धरले तरी महिना सहाशेच्या वर वाचतात. सगळा खर्च चार महिन्यांत निघाला. घरी मात्र एवढा फरक पडणार नाही, हे आधीच सांगते. घरात दिवे संध्याकाळीच लागतात आणि खरा खाणारा पंखा असतो. जुना सीलिंग पंखा ७५ वॅटच्या आसपास, नवा बीएलडीसी ३० च्या आत. बल्ब बदलून झाले असतील तर पुढचे पैसे पंख्यात घाला.

पण घरच्या बिलात आणखी एक खुबी आहे, शंभर युनिटच्या टप्प्याची. शंभरच्या आत राहिलात तर युनिटचा दर वेगळा, वर गेलात तर वरच्या युनिटांना चढा. आमच्या गल्लीत दोन खोल्यांच्या घरांना एलईडीने जो फायदा झाला तो यामुळे. ९०-९५ वर अडकलेलं बिल उन्हाळ्यातही टप्प्याच्या आत राहायला लागलं.

उष्णतेचं तर बोलायलाच नको. तारेचा पिवळा बल्ब जेवढी वीज घेतो त्यातली शंभरात पाचेक टक्के उजेडात जाते, बाकी सगळी ऊन होऊन बाहेर पडते. म्हणजे १०० चा बल्ब म्हणजे डोक्यावर टांगलेली नव्वद-पंच्याण्णव वॅटची शेगडीच. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर आमच्याकडे पारा ४३-४४ ला टेकलेला असतो, माहेरवाशिणींच्या साड्यांची गर्दी तेव्हाच, आणि पिको करणारी मुलगी त्या बल्बाखाली बसायची. तिच्या कपाळावरचा घाम कापडावर पडू नये म्हणून ती मानेला ओला रुमाल बांधायची. ९ वॅटचा बल्ब लावल्यावर तिने पहिल्यांदा रुमाल खुंटीला टांगला तो टांगलाच. या एका गोष्टीसाठीसुद्धा मी तो बल्ब बदलला असता.

आता पेटीवरच्या एका खोटेपणाबद्दल. बाजारात ९ वॅटच्या स्वस्त बल्बाच्या पेटीवर "१०० वॅटच्या बरोबरीचा" असं छापलेलं सर्रास दिसतं. तसं नसतं. १०० चा तारेचा बल्ब साधारण १३०० ल्युमेन उजेड देतो, चांगला ९ वॅटचा एलईडी ९०० च्या आसपास. म्हणजे तो ६० आणि ७५ च्या बल्बांच्या जागी चालतो, १०० च्या जागी १२-१४ वॅटचा हवा. मशीनवर मला ९ चा पुरला, कारण तो सुईपासून हातभर अंतरावर आहे. वॅट बघून बल्ब घ्यायची आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. आता पेटी उलटी करून ल्युमेन वाचायचे. एलईडी बल्बांना २०१८ पासून स्टार लेबल सक्तीचं आहे, त्यावर एका वॅटला किती ल्युमेन तेही लिहिलेलं असतं. स्टारच नसेल तर पेटी परत ठेवून द्या.

हे बल्ब आपल्या घरात आले कसे, त्याचीही गंमत आहे. ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये तारेचे बल्ब बंद करायचं जाहीर केलं, युरोपने १ सप्टेंबर २००९ पासून १०० वॅटपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने बंदी आणली. आपल्याकडे कायद्याचा दंडुका नव्हता, भावानेच काम केलं. त्याच २००९ मध्ये बचत लॅम्प योजनेत १५ रुपयांत सीएफएल मिळायचे. मग ५ जानेवारी २०१५ ला उजाला योजना आली. सरकारी कंपनीने एकदम कोट्यवधी बल्बांची मागणी काढली आणि खरेदीचा भाव ३१० रुपयांवरून दोनेक वर्षांत ३८ रुपयांपर्यंत उतरला. लोकांना ९ वॅटचा बल्ब ७० रुपयांच्या आसपास मिळाला. देशभरात ३६ कोटींच्या वर वाटले. आमच्याकडेही वीजबिल दाखवून रांगेत बल्ब घेतलेली माणसं आहेत, त्यातले काही बल्ब अजून चालू आहेत. सासूबाईंच्या देवघरातला त्यातलाच. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार सुरू होते ती भाऊजींच्या पिशवीपासून. ना पेटी, ना बिल. भाव मात्र बघावा असा. दुकानभर लावले आणि उजेड असा पांढराफटक पडला की रस्त्यावरचा माणूस म्हणेल, वा! आत आलेल्या गिऱ्हाइकाचंही तेच. खरी गंमत दुसऱ्या दिवशी. एक बाई ब्लाउजपीस घेऊन परत आली आणि काउंटरवर आपटून म्हणाली, "बहीन, घर जाईसन दखं ते रंग येगळाच!"

तिची साडी डाळिंबी होती. दुकानात साडी आणि पीस एकमेकांत मिसळून गेले होते, शिवण कुठे येईल तेही कळलं नसतं. तिने मला उंबऱ्यात नेलं. उन्हात साडी डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल, आणि पीस विटकरी. मी दोन्ही परत आत नेले, दोन्ही सारखे मरगळलेले तपकिरी. बाहेर आणले, पुन्हा वेगळे. ती बाई बघतच राहिली, मीही.

याचं कारण बल्बाच्या पोटात आहे. पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच. आत निळा उजेड देणारा चिमुकला तुकडा असतो आणि त्याच्यावर पिवळट पावडरचा लेप. निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरा दिसतो. (त्या निळ्या एलईडीसाठीच २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल जपानमध्ये जन्मलेल्या तिघा शास्त्रज्ञांना मिळालं.) स्वस्त बल्बात लेप कंजुषीचा, त्यामुळे उजेडात निळं भरपूर आणि लाल जवळजवळ नाही. उजेडातच लाल नसेल तर कापड कुठून दाखवणार? आणि साडी एका गिरणीची, पीस दुसऱ्या गिरणीचा, दोघांनी वेगवेगळे रंग वापरून तीच छटा काढलेली. एका उजेडात जुळतात, दुसऱ्यात उघडे पडतात. मॅचिंगच्या धंद्याला यापेक्षा मोठा शत्रू नाही. तारेच्या बल्बात हा दोष नव्हता. तो सगळं थोडं पिवळं दाखवायचा, निळा आणि काळा त्याच्याखाली ओळखू यायचे नाहीत, पण लालाला त्याने कधी मारलं नाही.

या गोष्टीला मोजमाप आहे, त्याला सीआरआय म्हणतात. शंभरपैकी गुण. तारेच्या बल्बाला जवळपास पूर्ण शंभर. बाजारातला बरा एलईडी ८० चा असतो, बिननावाच्यांचं छापलेलंच नसतं. ८० ऐकायला चांगलं वाटतं, पण हे गुण आठ फिकट रंगांवरून काढलेली सरासरी आहे. गडद लाल त्यात धरलेलाच नाही. त्याचा वेगळा आकडा असतो, आर-९ नावाचा, आणि ८० च्या बल्बात तो शून्याच्या आसपास असू शकतो. म्हणजे परीक्षेत फर्स्ट क्लास, पण आपल्या विषयात नापास. खान्देशात लग्नसराईत काय विकलं जातं? राणी, डाळिंबी, कुंकू, मरून. सगळा धंदा त्या न धरलेल्या रंगावर.

म्हणून ते दोन स्पॉट. ४००० केल्विन, म्हणजे ना पिवळा ना निळसर, आणि सीआरआय ९० च्या वर, आर-९ चा आकडा छापलेला. अमळनेरात असं काही कोणी ठेवत नव्हतं. इलेक्ट्रिकच्या दुकानदाराने आधी ऐकूनच घेतलं नाही. "ताई, रंग बघायला बल्ब कोण घेतं? वॅट सांगा." मी त्याच्यासमोर डाळिंबी पीस त्याच्याच शोकेसमधल्या दिव्याखाली धरला, मग रस्त्यावर नेला. त्याने जळगावहून मागवून दिले. एकाला साडेसहाशेच्या आसपास पडले. साधा त्याच वॅटचा दीडशे-दोनशेत मिळतो, म्हणून तो अर्धा गुण कापला.

पण काम काय करतात! काउंटरवर दोन हात लांब-रुंद एवढ्याच जागेवर त्यांचा उजेड पडतो आणि त्या जागेत राणी राणीच दिसतो. मोरपंखीतलं हिरवं आणि निळं वेगळं कळतं. आमसुली आणि वाइन हे दोन रंग आधी माझी मुलगीसुद्धा गोंधळायची, आता ती गठ्ठ्यातून न विचारता काढते. जुन्या बायका अजूनही कापड उचलून उंबऱ्यात जातात, जाऊ द्यावं, ती खात्री मी कशाला मोडू? पण परत येऊन "बराबर शे" म्हणतात. रंग बदलायला परत येणं जवळपास थांबलं. पट्ट्यांचा उजेड मात्र ८० चाच आहे. तो फक्त फडताळात गठ्ठे शोधण्यापुरता. साडेतीन गुण म्हणूनच. सगळीकडे ९० चे लावायची गरज नाही, जिथे निर्णय होतो तिथे लावा.

टिकण्याचं सांगते. एलईडी पंचवीस हजार तास चालतो असं पेटीवर असतं. एलईडी चालतोही, त्याच्यामागचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला बेताची वीज पुरवणारं सर्किट, चालत नाही. त्यातला कपॅसिटर उष्णतेने वाळतो, आणि भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या बल्बाला काय सोसावं लागतं ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. बंद काचेच्या गोळ्यात बल्ब कोंडू नका, त्याला मागून हवा लागते. दुसरा वैरी व्होल्टेज. शेतीच्या फीडरवर एकदम मोटारी बंद झाल्या की दाब उसळतो. न्यूट्रल तुटली तर मग काहीच वाचत नाही. पेटीवर २.५ केव्ही किंवा ४ केव्ही सर्ज असं लिहिलेलं बघा, म्हणजे तेवढी उसळी बल्ब सोसतो. वस्तीवर, मळ्यात लावायचा असेल तर ४ चाच.

भाऊजींचे बल्ब पावसाळा संपायच्या आत एकेक करून गेले. आमचा वायरमन पोरगा टोपी पिळून काढतो आणि आत दाखवतो. ॲल्युमिनियमच्या चकतीवर पिवळे ठिपके ओळीने बसवलेले, त्यातल्या एकाच्या मधोमध काळा टिंब. सगळे एका माळेत असल्यामुळे एक मेला की सगळे गप्प. तो त्या मेलेल्या ठिपक्यावर सोल्डरचा थेंब टाकून माळ जोडतो, बल्ब पुन्हा लागतो. दहा रुपये घेतो. पण उरलेल्यांवर भार वाढतो, काही दिवसांनी दुसरा टिंब काळा. जिन्यात लावायला ठीक, दुकानात नको. नावाजलेल्या कंपन्यांचे बल्ब दोन वर्षांच्या वॉरंटीत बदलून मिळतात, बिल जपून ठेवलं तर. दुकानदाराकडून बल्बाच्या बुडावर पेनाने तारीख लिहून घ्या, थर्मल कागदावरचं बिल वर्षात पांढरं होतं.

एक फुकटची चाचणी. दुकानात बल्ब लावून दाखवायला सांगा आणि मोबाइलचा कॅमेरा त्याच्यावर धरा. पडद्यावर काळे पट्टे ठळकपणे सरकताना दिसले तर बल्ब लुकलुकतो आहे, डोळ्याला कळत नाही एवढंच. त्याच्याखाली सुईत दोरा ओवणारीचं डोकं संध्याकाळी दुखणारच.

कंपनीचं नाव विचाराल तर अमळनेरात या प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर आहे. विप्रो आमच्या गावची. १९४५ साली इथे वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली, कॉम्प्युटर फार नंतर आले. इथल्या कित्येक घरांत तिचे जुने शेअर आहेत, त्यामुळे बल्ब घेतानाही आमचे लोक जरा भावनिक होतात. माझ्या पट्ट्या त्यांच्याच आहेत, चांगल्या चालल्यात. स्पॉट दुसऱ्या कंपनीचे, कारण रंगाच्या बाबतीत मी गाववाली नाही.

पिवळा बल्ब पूर्ण गेला का? नाही, आणि काही ठिकाणी जाऊ पण नये. आमच्या मागच्या गल्लीत मोटार रिवायंडिंगवाल्याकडे सिरीज बोर्डावर, म्हणजे मोटारीला बल्बातून वीज देऊन तपासायच्या बोर्डावर, २०० चा बल्ब आहे. वाइंडिंग शॉर्ट असेल तर तो भक्कन पेटतो, ठीक असेल तर मंद लागतो. ते काम एलईडीला येत नाही, तारेचाच लागतो. कोंबडीची पिल्लं ठेवणारे उबेसाठी तोच लावतात, तिथे ती वाया जाणारी उष्णताच तर विकत घ्यायची असते. पण झिरोचा बल्ब मात्र काढून टाका. नावाला झिरो, खातो १५ वॅट. जुन्या चकतीच्या मीटरला तो कळायचा नाही म्हणून ते नाव चाललं, नव्या मीटरला सगळं कळतं. रात्रभर जळणाऱ्या त्या एका झिरोत अर्ध्या वॅटचे तीस एलईडी लागतील.

आणि सीएफएल. जुने वळणदार सीएफएल आणि माझ्या त्या चार ट्यूब, यांच्या आत पारा असतो, थोडाच, पण असतो. पाऱ्यावरच्या मिनामाता कराराखाली असे दिवे बनवणं जगभर बंद होत चाललंय ते त्यासाठीच. घंटागाडीत फोडून टाकू नका. फुटलाच तर खिडक्या उघडा, केरसुणी लावू नका, ओल्या कागदाने टिपून बरणीत बंद करा. माझ्या ट्यूब इलेक्ट्रिकवाल्याने परत घेतल्या, पुढे तो भंगारात देतो की ई-कचऱ्यात, हे मी त्याला दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा त्याने चहा मागवला.

घ्यायचे असतील तर एवढं. घरात, ओट्यावर, जिन्यात साधा ८० चा, स्टारवाला, नावाचा बल्ब घ्या, फार विचार करू नका. स्वयंपाकघरात जमलं तर ९० चा, भाजी शिळी की ताजी ते कळतं. कापड, सोनं, मेकअप, रंगकाम, केशकर्तन, यांतलं काही करत असाल तर सीआरआय छापलेला नसलेला दिवा हातात घेऊ नका, दुकानदार काही म्हणो. माझ्या शोकेसमध्ये अजून दोन जुने दिवे आहेत, त्यांच्याखाली बाहुलीची पैठणी भलत्याच रंगाची दिसते. आखाजीच्या आत तेही बदलायचेत. इलेक्ट्रिकवाला म्हणतो, आता तो ९० चे चार-पाच नग दुकानातच ठेवतो. एक सोनार नेऊन गेला म्हणे.